अम्मीचे गुडघे आणि अम्मीचे ताट

आपल्या घरांमध्ये एक वाक्य इतक्या सहजपणे बोलले जाते की त्यात काही गैर आहे असे कुणालाच वाटत नाही. "आता वय झालं, गुडघे दुखणारच." पन्नाशी ओलांडलेली अम्मी हे म्हणते, खाला म्हणते, फुफी म्हणते आणि आपण मान डोलावतो. मग आपल्यापैकी कुणी पुण्याहून, कुणी मुंबईहून, कुणी दुबईहून गोळ्यांचा एक डबा पाठवतो. त्यावर गुडघ्याचे चित्र असते आणि किंमत चार आकडी असते. डबा पोहोचला की आपल्याला वाटते, आपण आपले कर्तव्य केले.

माझे म्हणणे असे की ते वाक्यही अपुरे आहे आणि तो डबाही. वयाबरोबर सांधे झिजतात हे खरे, पण किती झिजतात, कधी दुखू लागतात आणि दुखू लागल्यावर माणूस किती चालता-फिरता राहतो, यातले बरेच काही आपल्या हातात असते. ते औषधाच्या दुकानापेक्षा स्वयंपाकघरात जास्त ठरते. त्यातही एका प्रश्नावर ठरते, जो आपण फारसा विचारत नाही: घरातल्या बाईच्या ताटात शेवटी काय उरते?

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या कामात सर्व्हर बंद पडल्यावर धावपळ करणाऱ्यापेक्षा तो बंद पडू नये म्हणून रोज आकडे पाहणाऱ्याला जास्त किंमत असते. गेल्या दोन वर्षांत अम्मीच्या गुडघ्यांच्या निमित्ताने मी बरेच वाचले, डॉक्टरांना विचारले आणि घरात मोजमाप केले. त्यातून जे मत बनले ते इथे मांडतो आहे.

गुडघा थांबला की काय काय थांबते

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना सांध्यांच्या झिजेचा, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसचा, आजार होता. त्यातल्या साधारण ६० टक्के स्त्रिया होत्या आणि सर्वांत जास्त दुखणारा सांधा गुडघाच होता.

पण आकड्यांपेक्षा मला दिसते ते आमच्या सोलापूरच्या मोहल्ल्यात. गुडघा दुखू लागला की बाई आधी जिना टाळते. मग तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जाणे बंद होते. मग लग्नाला जाणे नको वाटते, कारण हॉलमध्ये कमोड असेल की नाही हे माहीत नसते. मग रेशनच्या दुकानापासून बँकेपर्यंतची कामे मुलाकडे किंवा सुनेकडे जातात. आपण आपल्या लेखांतून, सभांतून बायकांनी घराबाहेर पडावे, शिकावे, वॉर्डाच्या बैठकीला यावे, आपले म्हणणे स्वतः मांडावे असे म्हणतो. पंचावन्नाव्या वर्षी जी बाई मुलांच्या जबाबदारीतून नुकतीच मोकळी झाली आणि आता कुठे बाहेर पडू शकली असती, तिला त्याच वयात गुडघा घरात बसवतो. नवरा, सासू, समाज यांच्यापैकी कुणी अडवत नसतानाही ती अडते. म्हणून मी याला निव्वळ आरोग्याचा विषय मानत नाही.

पुरुषांचेही तेच. मशिदीत भिंतीकडेच्या खुर्च्या वाढल्या आहेत हे तुम्हीही पाहिले असेल. बसून नमाज पढण्याची सवलत आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण साठीच्या आतले लोक त्या खुर्च्यांवर दिसू लागले, तर आपण काही विचारायला हवे.

सांधा खातो कसा?

दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. नळीच्या हाडाच्या टोकाला जो पांढरा, चकचकीत, चिवट थर दिसतो तोच हा. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिला पोषण मिळते कसे? सांध्यात एक वंगणासारखा द्रव असतो, त्यातून. पाय टेकला की कूर्चा दाबली जाते आणि द्रव बाहेर पडतो. पाय उचलला की ती स्पंजासारखी द्रव पुन्हा शोषते. म्हणजे सांधा वापरल्याशिवाय त्याला खायला मिळत नाही. "गुडघे दुखतात म्हणून चालत नाही" हा उपाय म्हणूनच उलटा पडतो.

दुसरी गोष्ट, गुडघ्यावरचा भार एकटी कूर्चा पेलत नाही. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू प्रत्येक पावलाला धक्का झेलतो. तो बारीक झाला की सगळा धक्का सांध्यावर येतो. स्नायू प्रथिनांनी बनतो आणि हालचालीने टिकतो. म्हणून गुडघ्याचा आहार असा काही वेगळा नसतो. स्नायूचा आहार, हाडाचा आहार आणि वजनाचा हिशेब हे तीन मिळून गुडघ्याचा आहार होतो. झिजलेली कूर्चा पुन्हा उगवून देणारे अन्न अजून तरी कुणाला सापडलेले नाही. तसे कुणी सांगत असेल तर तो काहीतरी विकतो आहे असे समजावे.

डब्यात काय आहे?

बहुतेक डब्यांवर ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन ही दोन नावे असतात. अमेरिकेत यांची १५८३ रुग्णांवर २४ आठवडे चाचणी झाली आणि २००६ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सगळ्या रुग्णांचा एकत्र विचार केला तर या गोळ्या वेदना कमी करण्यात खोट्या गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरल्या नाहीत. मध्यम ते तीव्र वेदना असलेल्या एका छोट्या गटात दोन्ही औषधे मिळून थोडा फायदा दिसला, पण तो पक्का म्हणावा इतका नव्हता. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढे आहे. ज्यांना खोटी गोळी दिली होती त्यांच्यातल्याही सुमारे ६० टक्के लोकांना बरे वाटले. शेजारची चाची "मला तर फरक पडला" म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नसते. गुडघ्याचे दुखणे मुळातच कमीजास्त होत असते आणि कुणीतरी आपली काळजी घेतो आहे या भावनेनेही ते कमी होते.

मग आपला घरचा डबा, म्हणजे पाया. "पाया पिओ, घुटने मजबूत होते" हे मी लहानपणापासून ऐकत आलो. थंडीत पहाटेचा पाया मलाही आवडतो आणि तो सोडा असे मी म्हणणार नाही. पण त्यातले जिलेटिन पोटात गेल्यावर पचून त्याचे साधे घटक होतात. ते सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाहीत. जिलेटिन हे प्रथिन अपुरेही असते, शरीराला लागणारा एक आवश्यक घटक त्यात नसतोच. हाडे तासन्‌तास उकळली तरी रश्श्यात कॅल्शियम फार थोडे उतरते. कोलॅजनच्या महागड्या पावडरीही याच पोटातून जातात. पाया चवीसाठी प्यावा, औषध म्हणून नाही.

तिसरा डबा सर्वांत धोक्याचा. बसस्टँडजवळ, जत्रेत किंवा मोबाइलवर "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून मिळणारी, नाव-पत्ता नसलेली पुडी. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा वेदनाशामक औषध मिसळलेले असल्याचे तपासण्यांत अनेकदा आढळले आहे. तीन दिवसांत जादू होते ती त्याची. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो आणि पुडी बंद केली की माणूस कोसळतो. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही महिनोन्‌महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड यांना त्रास देतात. अम्मीच्या डब्यातली अशी पुडी शोधून बाजूला काढा आणि ती बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवा.

एक किलो म्हणजे चार किलो

सांध्यासाठी आहारातली सर्वांत भक्कम पुरावा असलेली गोष्ट कुठल्याच डब्यात मिळत नाही, ती म्हणजे जास्तीचे वजन कमी करणे. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये मोजून दाखवले की गुडघ्याची झीज असलेल्या जाड व्यक्तीचे वजन एक किलोने घटले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने घटतो. पाच किलो कमी झाले तर पावलागणिक वीस किलो. दिवसाला घरातल्या घरात तीन हजार पावले धरली तर साठ हजार किलो, म्हणजे साठ टन, रोज. हा हिशेब मी अम्मीला मालट्रकच्या भाषेत सांगितला तेव्हा तिला तो पटला.

त्याच विद्यापीठाने ४५४ जणांवर दीड वर्ष केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता व्यायाम, नुसता आहार आणि दोन्ही एकत्र असे तीन गट होते. दोन्ही एकत्र करणाऱ्यांचे वजन सरासरी दहा-अकरा किलोंनी उतरले आणि त्यांचे दुखणे व चालणे सर्वांत जास्त सुधारले.

आमच्या घरी हिशेब तेलापासून सुरू केला. चार माणसांत महिन्याला पाच लिटरचा डबा लागत होता. म्हणजे माणशी दिवसाला साधारण ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाच्या ताटाचा जो नमुना दिला आहे त्यात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. डब्यावर मार्करने तारीख लिहायची आणि तो चाळीस दिवस पुरवायचा एवढेच ठरवले. त्यानंतर चहा. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी दोन चमचे साखर आणि सोबत खारी किंवा टोस्ट. चहा चारचे दोन झाले, साखर दोनाची एक झाली. भाकरीला कुणी हात लावला नाही.

ताटातले खरे भोक

इथपर्यंत ऐकून घरातले लोक एक चूक करतात. वजन कमी करायचे म्हणून बाईचे आधीच अर्धे असलेले ताट आणखी अर्धे करतात. मग वजनाबरोबर स्नायूही जातो आणि गुडघा आणखी उघडा पडतो.

मी एक आठवडा अम्मीचे खाणे एका स्प्रेडशीटमध्ये लिहिले. सकाळी चहा-टोस्ट. दुपारी दीड ज्वारीची भाकरी, भाजी आणि रस्सा. रस्सा मटणाचा असला तरी बोटी अब्बांच्या, माझ्या आणि मुलांच्या ताटात गेलेल्या असत. रात्री भात आणि पातळ डाळ. प्रथिनांचा हिशेब दिवसाला ३० ते ३५ ग्रॅम निघाला. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोला ५० ग्रॅम. वय वाढल्यावर स्नायू टिकवायला १ ते १.२ ग्रॅम हवेत असे वृद्धांच्या पोषणातले तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ६० ते ७२. अम्मी निम्म्यावर होती, आणि तेही रोज मटणाचा वास दरवळणाऱ्या, "तुमच्यात काय, गोश्त खाता, ताकद असणारच" असे म्हटल्या जाणाऱ्या घरात.

हे आपण मान्य करायला हवे. मांसाहारी घर म्हणजे प्रथिने खाणारी बाई असे समीकरण नाही. बायका शेवटी जेवतात, देगचीच्या तळाचे खातात, आणि त्याला आपण "अम्मीला बोटी आवडतच नाही" असे नाव देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. त्याच पाहणीत साधारण चारपैकी एक स्त्री जादा वजनाची होती. वजन जास्त आणि पोषण कमी या दोन्ही गोष्टी एकाच शरीरात सुखाने नांदू शकतात. गुडघ्यासाठी ही सर्वांत वाईट जोडी.

भोक बुजवायला खर्च फार येत नाही. दोन अंडी म्हणजे बारा-तेरा ग्रॅम. घट्ट डाळीची किंवा मोड आलेल्या मटकीची एक वाटी म्हणजे सहा-सात. मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे सहा-सात. वाटीभर दही पाचेक. हे सगळे मिळून तीस ग्रॅम भरतात आणि महिन्याचा खर्च त्या चार आकडी डब्यापेक्षा कमी येतो. शिवाय आठवड्यात दोन-तीनदा मासा किंवा चिकन शिजेल त्या दिवशी आधी अम्मीचे ताट वाढायचे. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतले ओमेगा-३ सूज कमी करायला थोडी मदत करते. मासा महाग पडतो तिथे जवसाची चटणी आहेच, तिचा गुण माशाइतका नाही, पण भाकरीबरोबर रोज खाता येते. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

हाडांसाठी कॅल्शियम. पाळी गेल्यानंतर स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे असते, पेलाभर दुधात दोनशे-अडीचशे. तीळ, राजगिऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला हे त्यातले श्रीमंत. पालकातले कॅल्शियम मात्र शरीराला फारसे लागू पडत नाही. कोकणातल्या भावंडांकडे जवळा, सुकट आहे. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी ते नीट धुऊन, मिठाचा हिशेब ठेवून खावे.

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते प्रामुख्याने उन्हातून मिळते. आपल्या जुन्या घरांना अंगण होते, आता फ्लॅटला खिडकी आहे. बाहेर पडताना अंग झाकलेले असते आणि दिवसाचा मोठा भाग स्वयंपाकघरात जातो. बुरख्यावर वाद घालण्याची ही जागा नाही. गच्चीवर बायकांसाठी एक वेळ ठरवली, हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसता आले, तर प्रश्नाचा एक भाग सुटतो. एकदा रक्त तपासून, कमतरता असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला डोस घ्यावा. पण अपेक्षा नीट ठेवावी. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी गुडघ्याची झीज थांबते असे चाचण्यांत दिसलेले नाही. ते हाडासाठी आणि स्नायूसाठी आहे.

पथ्य म्हणजे नुसते वजा करणे नव्हे

सांधे दुखू लागले की आपल्याकडे पहिला हुकूम निघतो तो पथ्याचा. डाळ बंद, ती वातूळ. दही बंद, ते थंड. चिंच, टोमॅटो, वांगे बंद. भात बंद. म्हणजे ज्या ताटात आधीच प्रथिने निम्मी, त्यातून डाळ आणि दहीही गेले. ज्यांना एखादा पदार्थ खाल्ल्यावर खरोखर त्रास होतो त्यांनी तो टाळावा, त्याबद्दल वाद नाही. पण सगळ्यांना सरसकट वजाबाकी लावणे म्हणजे दुखण्याला खतपाणी घालणे आहे.

खरे पथ्य लागते ते गाउटला, आणि तिथे आपण नेमके उलटे वागतो. बकरी ईदनंतरच्या आठवड्यात कुणा चाचांच्या पायाचा अंगठा रात्रीत लाल होतो, सुजतो, चादरीचा स्पर्श सहन होत नाही. रक्तातले युरिक ॲसिड वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साचतात, त्याचा हा प्रकार. ४७ हजारांहून अधिक पुरुषांवर बारा वर्षे लक्ष ठेवून केलेल्या अमेरिकी अभ्यासात, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, मांस आणि समुद्री अन्न जास्त खाणाऱ्यांत गाउट जास्त आढळला. डाळी, पालक, फ्लॉवर यांसारख्या भाज्यांनी धोका वाढला नाही आणि कमी स्निग्धांशाच्या दुधा-दह्याने तो घटला. पण आपले चाचा डाळ, पालक, टोमॅटो सोडतात आणि कलेजी, गुर्दा, नल्ली चालू ठेवतात. वर गोड थंड पेयाची बाटली, जिच्यातली साखर युरिक ॲसिड आणखी वाढवते. दावतीत दस्तरख्वानावर थंड पेयांऐवजी पाणी आणि ताक ठेवण्याचा निर्णय आपल्यापैकी कुणीही आपल्या पुढच्या कार्यक्रमात घेऊ शकतो. गाउट वारंवार होत असेल तर मात्र पथ्य पुरत नाही, औषध घ्यावेच लागते.

आणखी एक फरक प्रत्येक घराला माहीत असायला हवा. सकाळी उठल्यावर बोटे, मनगटे अर्ध्या-एक तासाहून जास्त वेळ आखडलेली राहतात, दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजतात, थकवा येतो, ही झीज नसून संधिवाताचा दुसरा प्रकार, रुमॅटॉइड, असू शकतो. तो तिशी-चाळिशीतही होतो. त्यात लवकर औषध सुरू केले तर सांधे वाचतात. तिथे हळद-मेथीवर सहा महिने घालवू नयेत.

"आमची दादी तर…"

या विषयावर बोलले की कुणीतरी हमखास म्हणते, आमची दादी तूप खायची, नव्वदीपर्यंत उकिडवी बसून भांडी घासायची. असेल. पण ज्या दाद्या साठीतच अंथरुणाला खिळल्या त्यांच्या गोष्टी आपण सांगत नाही, म्हणून त्या आपल्याला आठवत नाहीत. आणि ती नव्वदीची दादी दळण, पाणी, शेत असे दिवसभर चालत होती, तिच्या चहात चार वेळा साखर नव्हती. कष्टाने गुडघे टिकतात असेही सरसकट नाही. वर्षानुवर्षे मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायकांचे गुडघे सोलापुरात कुणीही जाऊन पाहावेत. काही लोकांना झीज घराण्यातूनच येते, काहींना जुन्या इजेतून. आहार हा सगळ्यावरचा उपाय नाही, पण आपल्या हातात असलेल्या उपायांतला तो सर्वांत स्वस्त आणि रोज करता येण्याजोगा आहे.

ज्यांचे गुडघे पार गेले आहेत त्यांना शस्त्रक्रियेची भीती घालण्यातही अर्थ नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार ५५ हजारांच्या आत आला. रुग्णालयाचा खर्च वेगळा. तरीही शस्त्रक्रियेनंतर चालायला स्नायूच लागतो, म्हणजे पुन्हा ताटाशीच गाठ पडते.

आमच्या घरी काय झाले ते सांगतो, पुरावा म्हणून नाही. नऊ महिन्यांत अम्मीचे वजन पाच किलोने उतरले. प्रथिने साठच्या आसपास आली. दिवसातून दोनदा ती खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठते-बसते, हे फिजिओथेरपिस्टने शिकवले. गुडघे अजून दुखतात, पावसाळ्यात जास्त. पण ती जिना चढते, आणि भिशीच्या बायकांकडे स्वतः जाते.

आपल्या वयाचे काय?

हा लेख वाचणारे बहुतेक जण विशी-तिशीतले असतील. हाडांची जास्तीत जास्त घनता तिशीच्या आसपासपर्यंत भरली जाते, पुढे आपण त्यातूनच खर्च करतो. दहा तास खुर्ची, बाहेरचे जेवण, बहिणीच्या ताटात भावापेक्षा एक अंडे कमी, हे सगळे पंचवीस वर्षांनी वसूल होणारे कर्ज आहे. विशेषतः बहिणींना सांगतो, अम्मीचे शेवटी जेवणे हा वारसा म्हणून घेऊ नका. आणि भावांना सांगतो, वाढायला उठा. जो वाढतो त्याला कळते की कुणाच्या ताटात काय पडले.

म्हणून एक काम सुचवतो. या आठवड्यात अम्मी, दादी, खाला, जी कुणी घरात असेल तिने सात दिवस काय खाल्ले ते लिहून काढा. मोबाइलवर लिहा, वहीत लिहा. अंडे, डाळ, दही, मासा, बोटी यांच्यापुढे खूण करा. तेलाच्या डब्यावर तारीख टाका. वजन आणि कंबर लिहा. आठव्या दिवशी ती यादी घरातल्या सगळ्यांसमोर, पुरुषांसमोरही, वाचून दाखवा आणि ताटात कोणत्या दोन गोष्टी वाढवायच्या, कोणत्या दोन कमी करायच्या ते तिच्याशी बोलून ठरवा. तिच्यासाठी नवा डबा मागवायचा की नाही, हे त्यानंतर ठरवू.